विमान तर वर चढत होतं!

३ जुलै १९८८. बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराण एअरचं प्रवासी विमान उड्डाणानंतर सातेक मिनिटांत अमेरिकी नौदलाच्या 'व्हिन्सेन्स' युद्धनौकेनं पाडलं. २९० माणसं गेली. विमान वर चढत होतं. नौकेच्या संगणकातली नोंदही तेच सांगत होती. पण नियंत्रण कक्षात आवाज घुमत होते ते 'खाली येतंय' असे. हल्ला होणारच हे मनानं धरलं, की डोळ्यांसमोरचा आकडाही वेगळाच वाचला जातो.

यानंतर १९९० मध्ये नौदलानं 'टॅडमस' हा संशोधन प्रकल्प सुरू केला. विषय: दडपणाखाली निर्णय कसे होतात? जॅनिस कॅनन-बोवर्स, एदुआर्दो सालास यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी भर दिला तो सगळ्यांच्या डोक्यातल्या सामाईक चित्रावर. मुरलेली सलामीची जोडी हाक न मारताही चोरटी धाव घेते ना, तसंच. हे मोजताही येतं: सहकाऱ्यानं विचारल्यावर किती माहिती दिली आणि विचारण्याआधीच किती? चांगल्या तुकडीत दुसरा आकडा मोठा असतो.

आता अशी तुकडी घडवायला ऑनलाइन प्रशिक्षण म्हटलं की काय होतं? प्रत्येकजण एकटा स्लाइड पाहतो, 'नेक्स्ट' दाबत सुटतो, शेवटी चाचणी. यातून माणूस शिकेलही, तुकडी नाही. त्याऐवजी चौघे चार गावांतून हेडफोन लावून बसवा आणि प्रत्येकाच्या पडद्यावर मुद्दाम अर्धीच माहिती ठेवा. बोलल्याशिवाय सुटकाच नाही. पुढच्या फेरीत खुर्च्या बदला. झगमगीत ग्राफिक्स नसले तरी चालतं. १९८०च्या दशकातल्या अमेरिकी लष्कराच्या 'सिमनेट' या सराव-जाळ्यात दूरदूरचे रणगाडा-सिम्युलेटर जोडले होते, त्यातही कामापुरताच तपशील होता. माणसाचं मन एका वेळी चारेक गोष्टीच धरून ठेवतं. तिथे सजावटीची गर्दी कशाला? सराव मात्र एका दिवसात उरकू नये, दिवसांच्या अंतरानं पुन्हा घ्यावा.

माझ्या मते खरं शिक्षण होतं ते खेळ संपल्यावर, डीब्रीफमध्ये, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेत. रेकॉर्डिंग पुन्हा लावायचं, प्रशिक्षकानं गप्प बसायचं आणि प्रमुखानं आधी स्वतःची चूक सांगायची. मग कनिष्ठांची तोंडं उघडतात. आणि विचारायचं: कोणाला काय दिसलं होतं, त्यानं ते सांगितलं का, सांगितल्यावर पुढे काय झालं?

'व्हिन्सेन्स'वरही एका अधिकाऱ्यानं 'हे प्रवासी विमान असू शकतं' असं सांगितलं होतं. कॅप्टननं हात वर करून ऐकल्याची खूण केली होती.