सोलापूरचा माळ रंगवायचा तर आधी आबालाल रहिमान

सोलापुरात लँडस्केप करायचं म्हटलं की मुलं सिद्धेश्वर तलावाचा काठ धरतात. पाण्यात मंदिर, शेजारी भुईकोट किल्ल्याचे बुरूज. चित्राला लागतं ते सगळं तिथं आयतं मिळतं. शहराबाहेर पडलं की मात्र काळी रानं, बाभळी आणि नजर पोचेल तिथवर मोकळा माळ. इथं बसून काय रंगवायचं, असं विचारणाऱ्यांना मी कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघायला सांगतो.

पारदर्शक जलरंगातल्या निसर्गचित्राची शिस्त आपल्याकडे रुजली ती मुख्यतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेत शिकवणारे इंग्रज होते आणि पद्धतही त्यांच्याकडचीच. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली. प्रदर्शनं, बक्षिसं, चित्रं विकत घेणारी माणसं, सगळं मुंबईत.

आबालाल तिथं शिकले, नावाजले गेले आणि कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. पण त्यांचा जीव रमला तो रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ आणि पंचगंगेच्या काठावर. त्याच त्या जागा त्यांनी वेगवेगळ्या प्रहरी रंगवल्या. मला त्यांचं मोठेपण इथंच दिसतं. शिकलेली पद्धत परकी होती. त्याच काठावर पुन्हा पुन्हा बसून त्यांनी ती कोल्हापूरची केली. १९२२ साली महाराज गेले. त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात बुडवली, असं सांगतात. १९३१ मध्ये आबालालही गेले, पण वाट बुजली नाही. बाबूराव पेंटर, माधवराव बागल, पुढे चंद्रकांत मांडरे अशी माणसं कोल्हापूरच्या मातीत घडत राहिली.

सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला अशी सलग परंपरा आली नाही. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन लहानपणीच इंदूरला गेले.

आबालालांचा हिरवा, ओलसर रंग इथं उचलून आणला तर चित्र खोटं पडतं. आमच्याकडे पाऊस कमी, तोही लहरी. इथली काळी माती नुसती काळी नसते. उन्हाळी नांगरटीनंतर तिची ढेकळं राखाडी दिसतात, पहिल्या पावसानं गडद तपकिरी होतात. थंडीत मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी हुरड्यात येते तेव्हाचा फिका, दुधी हिरवा तर नळीतून थेट निघतच नाही, पॅलेटवरच जुळवावा लागतो. दुपारच्या उन्हात सावल्या आखूड होतात, रंग विटल्यासारखे दिसतात आणि कागदावरचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, पसरायच्या आत वाळतो. म्हणून सकाळी लवकर बसावं आणि उजेडासाठी कागदाचा पांढरा न भिता मोकळा सोडावा. माळाच्या चित्रात बरंचसं काम आभाळाचंच असतं.

आबालालांची काही चित्रं कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहेत. छापील पुस्तकात त्यांचे पातळ थर एकमेकांत मिसळून जातात. खालचा रंग वरच्यातून कसा डोकावतो, हे मूळ चित्रातच बघायला हवं. सोलापूरच्या मुलांनी त्यासाठी एकदा तरी कोल्हापूरची गाडी धरावी.