चेंबूरची कचरागाडी आणि मरीन ड्राइव्हची भरती

चेंबूरला रेल्वे आली ती माणसांसाठी नव्हे. १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरकडे जो फाटा टाकला, तो मुंबईचा कचरा वाहून न्यायला. त्या रुळांवरून प्रवासी जाऊ लागले १९२४ मध्ये, म्हणजे कचऱ्यानंतर अठरा वर्षांनी. पुढे १९२७ पासून देवनारच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, कचरा पडायला लागला आणि तो आजतागायत तिथेच आहे.

दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती आली की मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून प्लास्टिकचा खच रस्त्यावर येऊन पडतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आणि त्याखाली 'समुद्राने साभार परत केले' अशा छापाची ओळ. ओळ चटकदार आहे, पण समुद्राला हे मुळात दिलं कुणी, हे ती सांगत नाही. चौपाटीवर भेळ खाऊन कागद टाकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, कारण तो दिसतो. खरा इतिहास चेंबूरच्या त्या फाट्यापासून धरावा लागतो.

मुंबईच्या कचराभूमींची नावं नकाशावर लावून पाहा. देवनार आणि मुलुंड ठाण्याच्या खाडीलगत, गोराई तिथल्या खाडीलगत, मालाडचं चिंचोली बंदर मालाडच्या खाडीलगत. यात योगायोग नाही. सात बेटं जोडून झालेल्या शहराला पाण्याखालची जमीन वर काढायची सवयच होती. खाजण म्हणजे पडीक, तिवरं म्हणजे झुडपं, तिथे भराव टाकला की कचराही जातो आणि जमीनही मिळते, असा दुहेरी हिशेब. त्या काळचा कचरा म्हणजे राख, शेण, भाजीचे देठ, चिंध्या, फुटकी मडकी. तो खाडीत उतरला तरी भरती-ओहोटीत कुजून, झिजून जायचा. त्याने रोगराई झाली नसेल असं नाही, पण पन्नास वर्षांनी तो वाळूत जसाच्या तसा सापडत नव्हता.

खाडीकाठी कचरा टाकायची रीत पडली तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या नव्हत्या. त्या आल्या तेव्हा रीत बदलली नाही. पुढचा सगळा गोंधळ या दोन वाक्यांतून निघतो.

पॉलिथिन सापडलं १९३३ मध्ये, इंग्लंडमधल्या विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत आणि जवळजवळ अपघातानेच. महायुद्धात ते रडारच्या तारांवरच्या वेष्टनाच्या कामी आलं. युद्ध संपलं आणि ते घरात शिरलं. खांद्याला अडकवायची, एकाच तुकड्यातून कापलेली पिशवी स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांची. तिचं पेटंट १९६५ चं. आपल्याकडे साठच्या दशकात ट्रॉम्बेला आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले. म्हणजे देशातल्या प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा एक आरंभ याच ठाणे खाडीच्या दोन काठांवर झाला. एका काठावर तयार होणारं आणि दुसऱ्या काठावर टाकलं जाणारं, मध्ये खाडी. इतिहास कधीकधी फारच सोयीची मांडणी करून देतो.

तरीही पिशवी लगेच घरोघर पोचली नाही. सत्तरच्या दशकापर्यंत वाणी कागदाच्या पुडीत जिरे-मोहरी बांधून द्यायचा, पुडीवरचा दोरा गुंडाळून ठेवला जायचा. आरेचं दूध काचेच्या बाटलीत, रंगीत पत्र्याच्या झाकणासह यायचं आणि रिकामी बाटली परत द्यायची असायची. दुधाची पिशवी आली, ऐंशीच्या दशकात शांपूच्या पुड्या आल्या, मग तंबाखू-सुपारीच्या. स्वस्ताईच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. एका रुपयात शांपू मिळणं याचा अर्थ ज्यांना कळत नाही त्यांनी त्यावर नाक मुरडू नये. पण भंगारवाल्याच्या तराजूत या पुडीला किंमत शून्य. बादली, खुर्ची, बाटली विकली जाते. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये तिचे दाणे होतात. वेगवेगळे थर चिकटवून केलेली चकचकीत पुडी कुणी उचलत नाही. कचरावेचक बाई ज्याला हात लावत नाही ते नाल्यात जातं. किनाऱ्यावर काय सापडेल याची यादी बऱ्याच अंशी भंगाराच्या दरपत्रकाने ठरवलेली असते.

हे सगळ्यात आधी कळलं ते कोळ्यांना. डोल हे जाळं कसं चालतं हे पाहिलं की कारण उमगतं. डोल म्हणजे मोठ्या तोंडाची, शेपटाकडे निमुळती होत जाणारी जाळ्याची पिशवी. ती मासळीमागे धावत नाही. समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या समोर तोंड करून ठेवायची. उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याला जोर असतो, ते पाणी जाळ्यातून जातं आणि बोंबील, जवळा, करंदी मागच्या बारीक आसांत, म्हणजे जाळ्याच्या छिद्रांत, साठतात. थोडक्यात, डोल ही समुद्राला लावलेली गाळणी. पाण्यातून पिशव्या वाहू लागल्या की त्या गाळणीत अडकणारच. कुलाब्यापासून अर्नाळ्यापर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात विचारा: म्हावरं निवडायच्या आधी पिशव्या निवडायच्या, हे काम आता रोजच्या वेळापत्रकात धरलेलं असतं. त्याची मजुरी कुठल्या हिशेबात येत नाही.

मात्र कोळीवाड्याची बाजू मांडताना एक गोष्ट गाळता येत नाही. जाळी स्वतःच बदलली. पूर्वीची जाळी सुताची आणि तागाची. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. नायलॉन आलं आणि ती मेहनत गेली. जाळं हलकं झालं, टिकाऊ झालं, मासळीही जास्त लागली. सरकारनेही यांत्रिक होड्यांबरोबर या बदलाला हातभार लावला. पण सुताचं जाळं तुटून बुडालं तर काही महिन्यांत संपायचं. नायलॉनचं तुटकं जाळं समुद्रात मासे धरतच राहतं, ते काढायला कुणी येत नसलं तरी. कासवं त्यात पाय आणि माना अडकवून किनाऱ्याला लागतात. डहाणूला जखमी कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, तिथे हे नेहमीचं दृश्य. महाराष्ट्राच्या वनविभागाने डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. चांगली योजना आहे. पण ती चालू जाळ्याची, हरवलेल्या जाळ्याची नव्हे.

शास्त्रज्ञांना ही बाब दिसली १९७२ मध्ये. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे कण तरंगताना सापडल्याचा शोधनिबंध त्या वर्षी आला आणि जवळपास विसरला गेला. जहाजांनी समुद्रात प्लास्टिक टाकू नये हा आंतरराष्ट्रीय नियम १९८८ च्या अखेरीस लागू झाला. १९९७ मध्ये अमेरिकन नाविक चार्ल्स मूर यांना प्रशांत महासागरातला तरंगता कचरा दिसला आणि २००४ मध्ये ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांनी सूक्ष्म प्लास्टिकचा प्रश्न ऐरणीवर आणला. जमिनीवरून एका वर्षात समुद्रात किती प्लास्टिक जातं याचा पहिला नीट अंदाज २०१५ चा: २०१० या एका वर्षासाठी ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन. दोन आकड्यांतलं अंतर पाहिलं की मोजणं किती अवघड आहे ते लक्षात येतं.

आपल्याकडे कायदा समुद्राकडे पाहून झालाच नाही. तो झाला गटाराकडे पाहून. बांगलादेशाने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, कारण पुराच्या वेळी ढाक्याची गटारं तुंबली होती. मुंबईचं तसंच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी शहरात घुसली आणि नाल्यांत अडकलेल्या पिशव्या आरोपीच्या पिंजऱ्यात आल्या. राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्यांवर बंदी आली ती या पुराच्या पाठोपाठ. त्याआधी केंद्राचा १९९९ चा नियम होता, तो २० मायक्रॉनचा. (गोव्याने न कुजणाऱ्या कचऱ्याविरुद्धचा कायदा १९९६ मध्येच केला होता, आपला तसा कायदा २००६ चा.) नंतर केंद्राने २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२० मायक्रॉन अशी पायरी चढवली. पिशवी जाड झाली की महाग होते, दुकानदार फुकट देत नाही, वेचणारा उचलतो. तर्क बरोबर आहे. पण तेवीस वर्षं सरकार पिशवीची जाडी मोजत राहिलं. रस्त्यावरचा निरीक्षक मायक्रॉन कशाने मोजणार, हा प्रश्न तेव्हाही विनोदाचा होता आणि आजही आहे.

गटारावरून कायदा झाला की एक चमत्कारिक गोष्ट होते. नाला तुंबला तर तक्रार होते. नाला मोकळा वाहिला तर सगळे खूश, कारण त्यातलं प्लास्टिक खाडीत गेलेलं असतं. यशस्वी नालेसफाई म्हणजे समुद्राला वेळेत पोचवलेला कचरा, असाही तिचा अर्थ होऊ शकतो. पालिकेने काही नाल्यांच्या मुखाशी तरंगते अडसर लावले आहेत, पण ते अलीकडचं शहाणपण.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला. आठवड्यामागून आठवडे लोक येत राहिले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. त्या आनंदात एक साधी भूगोलाची गोष्ट मागे पडली. वर्सोव्याच्या कुशीतच मालाडची खाडी समुद्राला मिळते. ओशिवरा नदीचं पाणी आणि अनेक नाले त्या खाडीत येतात. चिंचोली बंदरची कचराभूमी त्याच खाडीच्या काठी होती. तिथे आता काचेच्या इमारतींत कार्यालयं आहेत. रविवारी साफ केलेला किनारा बुधवारी पुन्हा भरायचा, त्यात स्वयंसेवकांचा काही दोष नव्हता.

त्याच मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राची मोठी प्लास्टिकबंदी आली. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये आणि तुरुंग. २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली आणि आठवडाभरात किराणा दुकानदारांच्या वेष्टनाला सवलतही मिळाली. थर्माकोलचे मखर मात्र बऱ्याच घरांतून खरोखर गेले. देशभरची एकदा-वापराच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ ची. तिच्या यादीत कानकाड्या, चमचे, पेले आहेत. वेफर्सचं पाकीट आणि शांपूची पुडी नाही.

प्लास्टिक प्रदूषणावरच्या जागतिक करारासाठी मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठराव झाला. वाटाघाटी २०२४ च्या अखेरीस बुसानमध्ये अडल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात पुन्हा अडल्या. वाद एकाच मुद्द्याभोवती फिरतो: प्लास्टिक किती बनवायचं यावर मर्यादा हवी की फक्त टाकून दिल्यानंतरची व्यवस्था. तेल विकणाऱ्या देशांना दुसरा पर्याय पसंत आहे.

भरती ओसरली की मरीन ड्राइव्हवर पालिकेचे कामगार येतात, खच फावड्याने गोळा करतात आणि गाड्या भरून निघतात. मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गला जातो. ती जमीन संरक्षित वन असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला, त्याला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. कांजूरमार्गची कचराभूमी ठाण्याच्या खाडीला लागून आहे.