‘बाहेरून केलेली एम. ए. चालत नाही’: खुलासा

जत असो वा पाटण, जिल्हा परिषद शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतंच, ‘मुक्त विद्यापीठाची एम. ए.? नुसता कागद!’ साफ चूक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्याच तोडीची. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा बजावलं.

घोळ होतो तो वेगळाच. एम. ए. (शिक्षणशास्त्र) म्हणजे एम. एड. नव्हे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने एम. एड. दोन वर्षांची, पूर्णवेळ केली. तिसरीचा वर्ग सांभाळून ती होत नाही. एम. ए. होते, फक्त दिवाळीच्या सुट्टीत स्वाध्याय लिहायची तयारी हवी.

प्रवेशाआधी मात्र त्या सत्रासाठी त्याच अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे का, हे बघा. विद्यापीठाचं नाव मोठं असून भागत नाही. आणि जिल्हा परिषदेची पूर्वपरवानगी घ्या. तो अर्ज टेबलाटेबलावरून सावकाश सरकतो, तेव्हा आधीच टाका.