एका व्हॉल्व्हवर जग: रिजनरेटिव्ह रिसीव्हर आला कुठून

रिजनरेटिव्ह रिसीव्हर, म्हणजे वाढवलेला सिग्नल परत फिरवून पुन्हा वाढवणारा रेडिओ, याचा जन्म टंचाईतला. ली डी फॉरेस्टने १९०६ साली ऑडिऑन हा व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणारी काचेची नळी) बनवला, पण तो महाग होता आणि एकट्याने सिग्नल फारसा वाढवत नव्हता. १९१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँगने वाढलेल्या सिग्नलचा थोडा हिस्सा एका छोट्या कॉइलमधून पुन्हा सुरुवातीच्या कॉइलकडे वळवला. त्यामुळे कॉइलमध्ये वाया जाणारी शक्ती भरून निघाली. लांबचं क्षीण स्टेशन ऐकू येऊ लागलं, शेजारचं स्टेशन बाजूला पडलं, आणि हे सगळं एकाच व्हॉल्व्हवर.

श्रेयावरून मात्र डी फॉरेस्टशी वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल आर्मस्ट्राँगच्या विरोधात दिला. त्याने इंजिनिअरांच्या संस्थेचं पदक परत करायला काढलं, तर संस्थेने ते घेतलंच नाही. न्यायाधीशांपेक्षा त्यांनाच सर्किट जास्त कळत होतं, असं माझं मत!

तरी बाजारात हे सर्किट मागे पडलं. फीडबॅक, म्हणजे परत वळवलेला सिग्नल, जरा जास्त झाला की सेट शिट्टी मारतो, स्वतःच ट्रान्समीटर होतो आणि शेजाऱ्याच्या रेडिओतही कुई घालतो. पुढे कारखान्यांनी सुपरहेटेरोडाइन हे दुसरं रिसीव्हर सर्किट उचललं. तेही आर्मस्ट्राँगचंच, १९१८ चं.

आता आमच्याकडचं. मराठवाड्यात रेडिओ आला तो निजामाच्या अमलात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली तीही रेडिओवरूनच. पुढे केंद्रात बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लागली आणि श्रोते शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले. त्यावर उतारा म्हणून विविध भारती आली ती १९५७ मध्ये. परभणीला आकाशवाणी केंद्र झालं १९६८ साली. मुंबई-पुण्याची मीडियम वेव्ह दिवसा इतक्या दूर येईतो विरते; शॉर्टवेव्ह वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून हजारो किलोमीटर जाते.

आज हा सेट घरी बनवायचा तर व्हॉल्व्हच्या जागी एक जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), पुढे आवाज वाढवायला एलएम ३८६ ही चिप आणि नऊ व्होल्टची बॅटरी पुरते. कॉइलची इनॅमल तार पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे मिळते, स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर जुन्या रेडिओतून काढता येतो. सुरुवात शॉर्टवेव्हच्या ४१ मीटर बँडपासून करावी, कारण त्याच्या लगेच खाली, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झवर, हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी बोलतात. प्रसारण ऐकताना फीडबॅक शिट्टीच्या किंचित अलीकडे ठेवायचा. हॅमचं एसएसबी (त्यांची आवाज पाठवायची पद्धत) किंवा मोर्स हवं असेल तर किंचित पलीकडे. म्हणजे ज्या शिट्टीने हे सर्किट बदनाम झालं, तीच इथे कामाची! शेजाऱ्यांच्या रेडिओत कुई जाऊ नये म्हणून एरियल आणि कॉइल यांच्यामध्ये एक जादा ट्रान्झिस्टर घालावा.

एलईडी बल्ब आणि चार्जर यांची खरखर फार असते, म्हणून रात्री लाइट गेली की बँड एकदम मोकळा होतो. रोहिणी-मृगात मात्र विजांचा कडकडाट हेडफोनमध्ये आधी ऐकू येतो. तेव्हा लिंबावर ताणलेली एरियल सेटपासून सोडवून बाहेर टाकायची.