पार्श्वभूमी : वधूला दाखवायचा ध्रुव कोणता?

लग्नात वधूला ध्रुव दाखवण्याचा विधी गृह्यसूत्रांतला, म्हणजे घरगुती संस्कारांच्या प्राचीन नियमग्रंथांतला. आश्वलायनाच्या सूत्रात ती ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहीपर्यंत मौन धरते. मात्र आज आपण ज्याला ध्रुव म्हणतो तो तारा दोन हजार वर्षांपूर्वी ध्रुवबिंदूपासून (ज्या बिंदूभोवती आकाश फिरताना दिसतं त्यापासून) सुमारे बारा अंश दूर होता आणि त्याच्याभोवती रोज मोठी फेरी मारत होता. संपातचलनाच्या, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलण्याच्या, 26,000 वर्षांच्या चक्राचा हा परिणाम. मग सूत्रकारांचा अढळ तारा कोणता?

1893 मध्ये एका जर्मन पंडिताने कालेय तारकासमूहातल्या थुबान या ताऱ्याकडे बोट दाखवलं. इ.स.पू. 2800 च्या सुमारास थुबान ध्रुवबिंदूला जवळजवळ चिकटलेला होता, तेव्हा विधीचा उगम तितकाच जुना, असा त्याचा दावा. विरोध लगेच झाला. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात ध्रुवदर्शन नाही, ही आक्षेपकांची भक्कम बाजू. विधीला अचूक ध्रुवबिंदू कशाला, जवळपासचा ठळक तारा पुरे, असंही ते म्हणाले. तसा तारा ध्रुवमत्स्यात (आजचा ध्रुव ज्यात आहे त्या तारकासमूहात) होताही, पण इ.स.पू. 1000 च्या आसपास तो सहा-सात अंशांवर होता. सात अंश म्हणजे चौदा पूर्णचंद्र ओळीने मांडल्याएवढं अंतर. संध्याकाळी एकीकडे, पहाटे दुसरीकडे दिसणाऱ्या ताऱ्याला आकाश रोज न्याहाळणाऱ्यांनी ‘ध्रुव’ म्हटलं असेल, हे मला पटत नाही. शिवाय मैत्रायणी उपनिषद जगातल्या नश्वर गोष्टी मोजताना समुद्र आटण्याबरोबर ध्रुव चळण्याचाही उल्लेख करतं. स्थिर तारा सरकल्याची ती आठवण असावी, असं मानायला जागा आहे. पुरावा म्हणून ते एकटं पुरत नाही.

शब्दानेही घोळ वाढवला आहे. ‘ध्रुव’ म्हणजे तारा की जागा? सूर्यसिद्धांत हा जुना खगोलग्रंथ मेरूच्या (पृथ्वीच्या अक्षासारख्या कल्पिलेल्या पर्वताच्या) दोन्ही बाजूंना ध्रुवतारे सांगतो; दक्षिणेला तर ठळक तारा नाहीच. तिथे तारा नव्हे, बिंदूच अभिप्रेत असणार.

दुर्बिणींनी आजच्या ध्रुवताऱ्याचं अढळपण आणखी तपासलं. तो सुमारे चार दिवसांच्या आवर्तनाने किंचित मंद-तेजस्वी होतो. तो एकटाही नाही, तीन ताऱ्यांची ती व्यवस्था आहे. अगदी जवळचा जोडीदार 2006 मध्ये अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रात वेगळा दिसला. सध्या ध्रुवतारा ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आत आहे. 2100 च्या सुमारास हे अंतर अर्ध्या अंशाहून कमी होईल, आणि तिथून तो पुन्हा दूर जाऊ लागेल. पुढची पाळी वृषपर्वा समूहातल्या ताऱ्याची.