घरच्या वेल्डिंग मशीनसाठी वाढीव वीजभार: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

पडवीत ग्रिल-गेटचं काम सुरू करायचं ठरलं की आधी मशीन येतं, मग वायर ओढली जाते. महावितरणचा अर्ज आठवतो तो शेजाऱ्यांचे दिवे मिचमिचायला लागल्यावर. खरं तर अर्ज आधी, वायरिंग नंतर.

अर्जाआधी थोडा हिशेब करा. बिलावर ‘मंजूर भार’ किती आहे ते पाहा, मग मशीनची पाटी वाचा. तिथला २०० अँपिअर हा रॉडला मिळणारा करंट आहे, मीटरमधून ओढला जाणारा नव्हे. १०० अँपिअरवर काम करताना आर्कला (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीला) सुमारे २४ व्होल्ट, म्हणजे २.४ किलोवॅट लागतात. मशीनमधला तोटा आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) धरला तर साधं इन्व्हर्टर मशीन २३० व्होल्टवर १७-१८ अँपिअर घेतं. पूर्ण २०० वर ४० च्या आसपास. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट इथेच बाद होतो. भार मोठा असेल तर थ्री फेजच मागा.

जागा स्वतःची असावी, नाहीतर मालकाचं किंवा सहहिस्सेदारांचं संमतिपत्र लागतं. त्या जागेवर जुनी थकबाकी असेल तर ती आधी भरावी लागते. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्यांना महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दराची सवलत वीज आयोगाच्या दरपत्रकात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. वापर त्यापुढे जाणार असेल तर वर्गवारी बदलून घ्या. दुरुस्तीचं गॅरेज सहसा व्यावसायिक वर्गात जातं, इंजिनिअरिंग वर्कशॉप औद्योगिक वर्गात. चुकीच्या वर्गात वापर सापडला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होते.

वाढीव भारासाठी महावितरणचा ए-१ हा अर्जाचा फॉर्म ऑनलाइन किंवा उपविभाग कार्यालयात भरता येतो. सोबत आधार किंवा पॅन, घरपट्टीची पावती (गावात नमुना ८ चा उतारा) आणि शेवटचं बिल जोडा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत होते; औद्योगिक दर मागताना ती हाताशी असलेली बरी. मग जागेची पाहणी होते, कोटेशन येतं, पैसे भरायचे.

शेवटी परवानाधारक कंत्राटदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट. नुसती सही घेऊन येऊ नका. मशीनची स्वतंत्र लाइन, भाराला साजेशी तांब्याची केबल आणि एमसीबी (जादा करंट आला की लाइन तोडणारा स्विच), आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग त्याच्याकडून समोर उभं राहून तपासून घ्या.