डाव सोडणे (डिप्लोमसी)

डिप्लोमसी या सात जणांच्या, पटावरच्या युद्ध-वाटाघाटीच्या खेळात डाव संपायच्या आधीच एखाद्याने आपल्या सैन्याला द्यायचे हुकूम पाठवणे बंद करणे, याला डाव सोडणे म्हणतात. त्यानंतर त्याच्या देशाची जी अवस्था होते तिला मूळ नियमांतच नाव आहे : ‘सिव्हिल डिसऑर्डर’, म्हणजे बेबंदशाही. इंटरनेटवर खेळणारे तिला नुसते ‘सीडी’ म्हणतात. एखादीच खेळी चुकली तर तो ‘एनएमआर’, म्हणजे ‘नो मूव्हज रिसीव्ड’. देश अजून जागेवर आहे, पण राजाचा पत्ता नाही.

अ‍ॅलन कॅलहॅमर या अमेरिकन गृहस्थाने १९५४ मध्ये हा खेळ रचला आणि १९५९ मध्ये पदरमोड करून त्याचे ५०० संच काढले. पटावर पहिल्या महायुद्धाच्या आधीचा युरोप असतो आणि डाव १९०१ च्या वसंतात सुरू होतो. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान असे सात देश. ३४ रसदकेंद्रे (जितकी ताब्यात, तितकीच पथके बाळगता येतात), त्यांपैकी १८ ज्याच्या ताब्यात येतील तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबावर काही ढकलायची सोय नाही. खेळाडू आधी एकमेकांशी खलबते करतात, मग प्रत्येकजण गुपचूप हुकूम लिहितो आणि सगळ्यांचे हुकूम एकदम उघडले जातात. खलबतात दिलेला शब्द पाळण्याचे बंधन कुणावरही नाही. दोस्ताला गाफील गाठून त्याचे केंद्र बळकावणाऱ्याला लोक शिव्या देतात, पण पुढच्या डावाला त्यालाच आग्रहाने बोलावतात.

मग अशा खेळात पत ठरवायची कशावरून? खरेखोटेपणा मोजायला बसले तर चांगले खेळाडू आधी बाद होतील. म्हणून या खेळात पिढ्यान्‌पिढ्या मोजली गेली ती हजेरी.

बेबंदशाहीचे नियम साधे आहेत. सोडून गेलेल्याची लष्करे आणि आरमारे आहेत तिथेच उभी राहतात. हल्ला झाला तरी एकमेकांना पाठिंबा देत नाहीत. जागेवरून हुसकली गेली की माघार न घेता पटावरून उठतात. नवी उभारणी होत नाही. केंद्रे कमी झाल्यामुळे सैन्य घटवायचे असेल, तर मायदेशापासून सर्वांत लांबचे पथक आधी जाते. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण घरात कुणी नाही; एकट्या चोराला कुलूप तुटत नाही, दोघे आले की तुटते. याचा फटका किती बसतो ते कोणता देश ओस पडला यावर ठरते. इंग्लंड समुद्रामागे थोडे दिवस तरतो. ऑस्ट्रियाचे तसे नाही. इटलीचे व्हेनिस आणि ऑस्ट्रियाचे ट्रिएस्ट यांची हद्द लागून आहे. सुरुवातीला दोन देशांची मूळ केंद्रे अशी एकमेकांना भिडलेली पटावर दुसरीकडे कुठेच नाहीत. ऑस्ट्रियाचा खेळाडू पहिल्याच वर्षी नाहीसा झाला, तर ट्रिएस्ट, बुडापेस्ट आणि व्हिएन्ना ही तीन केंद्रे इटली, रशिया आणि तुर्कस्तान यांच्यापुढे वाढून ठेवल्यासारखी असतात. एका पथकाने चाल करायची, दुसऱ्याने पाठिंबा द्यायचा, काम झाले. यात इटलीचे कर्तृत्व काही नाही. तो फक्त शेजारी होता. तिकडे फ्रान्सने जर्मनीशी घासाघीस करून मोठ्या मिनतवारीने मिळवलेले एक केंद्र यापुढे फिके पडते. डाव सोडणाऱ्यावरचा राग बहुतेक वेळा असा दूर बसलेल्या खेळाडूचा असतो. शेजारी मनातून खूशच असतो, बोलत नाही इतकेच.

टपालाने खेळण्याची प्रथा १९६३ मध्ये जॉन बोर्डमन यांच्या ‘ग्राउस्टार्क’ या पत्रिकेपासून सुरू झाली, आणि दुखणेही तेव्हापासूनचे आहे. पत्र पोचायला दिवस लागत आणि एक डाव वर्ष-दोन वर्षे चाले. तेवढ्यात माणसाचे लग्न होई, बदली होई, उत्साह ओसरे. डाव चालवणारे पत्रिकेचे संपादक राखीव खेळाडूंची यादी जवळ ठेवत आणि हुकूम आले नाहीत की त्यातल्या एकाला कळवत. प्रत्येक डावाला वर्ष आणि अक्षर मिळून ‘बोर्डमन क्रमांक’ मिळत असे, त्यामुळे कोण कुठे खेळला आणि कुठून पळाला याची नोंद मागे राही. (खुद्द कॅलहॅमर यांनी पुढे बरीच वर्षे इलिनॉयमध्ये पोस्टमनची नोकरी केली, हा योगायोग टपाली खेळाडूंना फार आवडतो.)

१९८० च्या दशकाच्या अखेरीस केन लोव यांनी ‘जज’ हा ईमेलवरून हुकूम घेऊन निकाल लावणारा प्रोग्राम लिहिला. त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे ‘डेडिकेशन’ नावाचा आकडा असे. हुकूम वेळेवर आले की तो वाढे, उशीर झाला की घटे आणि डाव टाकला की चांगलाच घसरे. ठरावीक आकड्याखालच्यांना डावात घ्यायचे नाही, अशी अटही घालता येई. संपादकाच्या डोक्यातली कुजबुज अशी प्रथमच सगळ्यांना दिसणारी संख्या झाली. २००४ मध्ये केस्तास कुलियुकास यांनी सुरू केलेल्या वेबडिप्लोमसी या संकेतस्थळावर तीच कल्पना टक्केवारीत आली : ‘रिलायबिलिटी रेटिंग’. डाव मांडणारा किमान टक्केवारी ठरवतो, किती चुकलेल्या खेळ्या माफ तेही ठरवतो. प्रवासाला जायचे असेल तर डाव थांबवण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी पटावर उरलेल्या प्रत्येकाचे मत लागते, आणि जिंकत आलेला खेळाडू ते देताना बराच विचार करतो.

सोडणारे सगळे एका जातीचे नसतात. पाच मिनिटांच्या टप्प्यांच्या झटपट डावातून उठणारा बहुधा चिडलेला असतो : दगा झाला, खिडकी बंद केली. लहानपणी गल्लीत यालाच रडीचा डाव म्हणत. रोज एक टप्पा अशा संथ डावातून गळणारा मात्र अनेकदा हौशी असतो. एकदम सहा डावांत नाव घातलेले, तिसऱ्या आठवड्यात दमलेला. तिसरा प्रकार हरत आलेल्याचा. दोन केंद्रे उरली, आता काय खेळायचे, असे त्याला वाटते. तो चुकतो, कारण दोन केंद्रांचा देशही कुणाला जिंकवायचे यावर सौदा करू शकतो आणि बरोबरीच्या तहात वाटेकरी म्हणून बसू शकतो. मुरलेले खेळाडू नवशिक्यांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, फारसा उपयोग न होता.

टक्केवारीला कारण कळत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप आहे. दवाखान्यात पडलेला आणि रुसून गेलेला तिच्या लेखी सारखेच. शिवाय नव्या नावाने पुन्हा यायचा मोह असतो. एका माणसाने दोन खाती चालवण्यास बंदी आहे ती काही अंशी यासाठीच. उलट बाजूने पाहता, दगाबाजीचा हिशेब ही पद्धत मुद्दाम ठेवत नाही. मागच्या डावातला सूड पुढच्या डावात उगवणे गैर मानले जाते, आणि ते टाळण्यासाठी निनावी डावही मांडतात.

इतर खेळांनी वेगळे मार्ग काढले. डोटा २ या ऑनलाइन सांघिक खेळात पाच मिनिटांहून अधिक वेळ बाहेर राहिलेल्याच्या नावावर सोडल्याची नोंद होते आणि वारंवार तसे करणाऱ्याला कमी प्राधान्याच्या रांगेत आपल्यासारख्यांबरोबर खेळावे लागते. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर प्रतिस्पर्धी निघून गेला तर थोडे थांबून विजय मागता येतो. दोघांच्या बुद्धिबळात ते पुरते; सातांच्या डावात एकाचे जाणे उरलेल्या सहांना सारखे पडत नाही.

म्हणून डिप्लोमसीत ओस देश दुसऱ्याला देण्याची पद्धत टिकून आहे. वेबडिप्लोमसीवर असा देश कमी गुण पणाला लावून घेता येतो, आणि पडकी घरे विकत घेणाऱ्यांसारखे काही खेळाडू हेच शोधत असतात. नवा माणूस जुन्याचे करार मानत नाही, बहुतेकदा त्याला ते ठाऊकही नसतात. तो आला की शेजाऱ्यांची पत्रे पुन्हा सुरू होतात, आणि पहिल्या पत्रात प्रत्येकजण त्याला सांगतो की तुझ्या आधीच्याशी आमची पक्की दोस्ती होती.